कंपायलर मेला की प्रोग्रॅम मेला? फोरट्रॅनच्या ॲरेने वात आणलाय

धडपड्या
जाणकारांनी प्लीज प्रकाश टाका, तीन दिवस झाले डोकं आउट झालंय.

एक जुना फोरट्रॅन (गणिती कामांची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) कोड माझ्या गळ्यात पडलाय. पत्र्यावर उष्णता कशी पसरते त्याचं सिम्युलेशन आहे, ज्यांनी लिहिला ते कधीच सोडून गेले आणि कॉमेंट्स म्हणाल तर अख्ख्या फाइलमध्ये चार. जाळी १००० बाय १००० होती तोवर सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. मी ती १०२४ केली, एक गुणकांचा तक्ता (म्हणजे ॲरे, एकाच नावाखाली रांगेत मांडलेले आकडे) होता तो वाढवून ५००० बाय ५००० केला आणि मेकफाइलमध्ये (कंपाइल कसं करायचं ते सांगणारी फाइल) -एफओपनएमपी टाकलं कारण पुढे ओपनएमपीने पॅरलल करायचंय, म्हणजे काम एकाच वेळी अनेक थ्रेडवर वाटायचंय (अजून एकही ओपनएमपीची ओळ कोडमध्ये नाहीये, नुसता फ्लॅग टाकलाय). आता कंपाइलच (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर) होईना. कंपायलर बराच वेळ विचार करतो, फॅन बोंबलतो, माउस पण अडकतो आणि मग हे येतं:

जीफोरट्रॅन: फेटल एरर: किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम एफ९५१

एफ९५१ नावाचा कुठलाही प्रोग्रॅम मी लिहिलेला नाही!! लिनक्स आहे, रॅम ८ जीबी, जीसीसी १३. कंपायलर दोनदा काढून परत टाकला, ढिम्म फरक नाही.

फुकटसल्ला
पायथनमध्ये लिहून काढ, सुटशील. २१ व्या शतकात फोरट्रॅन कोण वापरतं राव

बायनरीबाई
@फुकटसल्ला, तुझ्या त्या सायपायच्या (पायथनची गणिती लायब्ररी) पोटात वर्षानुवर्षं फोरट्रॅनच बसलेलं होतं, आणि लापॅक ही मॅट्रिक्सच्या गणिताची लायब्ररी आजही फोरट्रॅनमध्येच आहे. असो, अवांतर नको.

धडपड्या, आधी एक गोष्ट. जीफोरट्रॅन हा नुसता मुकादम आहे, खरं काम एफ९५१ नावाचा आतला कंपायलर करतो, म्हणून तुला ते नाव दिसतंय. आणि मेसेजमध्ये "किल्ड" आहे. म्हणजे तो स्वतःहून पडला नाही, कुणीतरी त्याला मारलं. लिनक्सवर असा मारेकरी बहुतेक वेळा एकच, मेमरी संपली की कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, सगळ्यात हावरट प्रोसेस बघतो आणि उडवतो. डीमेसेज (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवून शेवटच्या ओळी बघ, "आउट ऑफ मेमरी" दिसायला पाहिजे.

खरा कंपायलर क्रॅश असता तर "इंटर्नल कंपायलर एरर" असं स्वच्छ लिहून आलं असतं आणि खाली पूर्ण बग रिपोर्ट पाठवा म्हणून विनंती. तसं आलं तर मात्र चूक कंपायलरचीच, मग तुझा कोड कितीही भंगार असू दे, त्याने नीट एरर द्यायला पाहिजे, स्वतः कोसळायचं नाही.

धडपड्या
हो हो! डीमेसेजमध्ये आउट ऑफ मेमरी, एफ९५१ किल्ड असंच आहे. पण ५००० गुणिले ५००० म्हणजे अडीच कोटी आकडे, प्रत्येकी ८ बाइट, २०० एमबी झाले फक्त. ८ जीबीत २०० एमबी मावत नाही?

जुनंखोड
तो तक्ता डिक्लेअर करतानाच त्याला किंमत दिलीये का? म्हणजे डिक्लेरेशनच्याच ओळीत "= १.०" असं काही?

धडपड्या
हो, मॉड्यूलमध्ये. तुम्हाला कसं कळलं??

जुनंखोड
कारण हा खड्डा मी पण पाहिलाय, आतून.

डिक्लेरेशनमध्ये किंमत दिली की ती प्रोग्रॅम चालताना भरली जात नाही, कंपायलर ती कंपाइल करतानाच तयार करून ऑब्जेक्ट फाइलमध्ये कोंबतो. शून्य असतं तर "इतकी जागा शून्य ठेव" एवढी चिठ्ठी पुरली असती, पण १.० म्हटल्यावर अडीच कोटी वेळा १.० फाइलमध्ये उतरवावं लागतं. आणि उतरवण्याआधी कंपायलर प्रत्येक घटकाची आतल्या आत स्वतःची नोंद बनवतो, ती नोंद ८ बाइटपेक्षा कितीतरी जाड असते, म्हणून २०० एमबीचे कित्येक जीबी होतात. त्यात तू मेक चालवताना -जे ८ वगैरे देत असशील, म्हणजे आठ कंपायलर एकदम पंगतीला.

उपाय सोपा आहे, तक्ता ॲलोकेटेबल कर (म्हणजे जागा प्रोग्रॅम चालताना मागायची), सुरुवातीच्या सबरूटीनमध्ये ॲलोकेट कर आणि मग एका ओळीत १.० भर. कंपाइल चुटकीसरशी होईल.

रात्रपाळी
+१ जुनंखोड. याचंच भावंड म्हणजे "रिलोकेशन ट्रंकेटेड टू फिट". तो लिंकर (ऑब्जेक्ट फाइली जोडणारा) देतो, मॉड्यूलमधल्या फिक्स साइजच्या ॲरे सगळ्या मिळून २ जीबीच्या वर गेल्या की. लोक तिथे एमसीमॉडेल मीडियम हा फ्लॅग लावून वेळ मारून नेतात पण तिथेही खरं उत्तर ॲलोकेटेबलच.

धडपड्या
झालं!!! कंपाइल झालं, चार सेकंदात. खूप खूप धन्यवाद.

पण आनंद दोन मिनिटं टिकला. आता प्रोग्रॅम सुरू होतो आणि पहिल्याच फेरीत

प्रोग्रॅम रिसीव्ह्ड सिग्नल एसआयजीसेगव्ही: सेगमेंटेशन फॉल्ट - इनव्हॅलिड मेमरी रेफरन्स

बॅकट्रेस एका सबरूटीनच्या पहिल्याच ओळीकडे बोट दाखवतो. तिथे काहीही नाहीये हो, नुसतं सबरूटीनचं नाव! आणि गंमत म्हणजे जाळी परत १००० केली की मस्त चालतं. १०२४ ला मरतं. २४ ने असं काय आभाळ कोसळलं

अर्धविराम
इंडेक्स बाहेर जात असेल. कुठेतरी १००० हार्डकोड केलं असेल त्या बाबांनी. शोध.

धडपड्या
शोधलं, नाहीये. सगळीकडे मॉड्यूलमधला एन पॅरामीटर (जाळीचं माप) वापरलाय.

जुनंखोड
त्या सबरूटीनमध्ये डबल प्रिसिजनची एन बाय एन लोकल ॲरे आहे का? असणारच. मग जरा हिशेब मांडू.

१००० गुणिले १००० गुणिले ८ = ८०,००,००० बाइट.
१०२४ गुणिले १०२४ गुणिले ८ = ८३,८८,६०८ बाइट.

आता टर्मिनलमध्ये यूलिमिट -एस टाइप कर, स्टॅकची, म्हणजे सबरूटीन चालू असेपर्यंत त्यातल्या लोकल गोष्टी ठेवायच्या जागेची, मर्यादा कळेल. ८१९२ येईल. ते किलोबाइट आहेत, म्हणजे ८१९२ गुणिले १०२४ = ८३,८८,६०८ बाइट. तुझी एकटी ॲरे अख्ख्या स्टॅकएवढी झाली, बाकी कुणाला उभं राहायलाही जागा नाही. १००० ला तू काठावर पास होत होतास. आणि बॅकट्रेस पहिल्या ओळीवर यासाठी की सबरूटीनमध्ये पाऊल टाकतानाच स्टॅकवर जागा घेतली जाते, तुझी एकही ओळ चालायच्या आधी.

अर्धविराम
आयला, आकडा तंतोतंत जुळला. पण एक मिनिट. जीफोरट्रॅन मोठ्या फिक्स साइज लोकल ॲरे स्टॅकवर ठेवतच नाही ना? ठरावीक मर्यादेच्या वर गेल्या की स्टॅटिकमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम संपेपर्यंत राखीव असलेल्या जागेत, टाकतो. मग हे कसं?

बायनरीबाई
बरोबर बोललास. मर्यादा ६५,५३६ बाइट आहे, जीसीसी १० च्या आधी ती ३२,७६८ होती. पण याने -एफओपनएमपी लावलंय ना! तो फ्लॅग गुपचूप -एफरिकर्सिव्ह पण चालू करतो आणि त्याचा अर्थ सगळ्या लोकल ॲरे स्टॅकवर, साइज काही का असेना. कारणही पटण्यासारखं आहे, स्टॅटिक जागा सगळ्या थ्रेड्सना मिळून एकच, दोन थ्रेड एकाच वेळी त्या सबरूटीनमध्ये शिरले तर एकमेकांच्या ताटात जेवतील.

धडपड्या, फ्लॅग लावायच्या आधी एक लांबलचक वॉर्निंग येत होती का? ॲरे लिमिटपेक्षा मोठी आहे, स्टॅकवरून स्टॅटिकमध्ये हलवली, अशी?

धडपड्या
येत होती 🙈 दोन सबरूटीनसाठी. आणि -एफओपनएमपी टाकल्यावर ती गेली, तर मला वाटलं आपण काहीतरी सुधारलं.

मेमरीतला_उंदीर
हाहाहा वॉर्निंग गेली म्हणून पेढे वाटायचे आणि नेमका तोच आजार

यूलिमिट -एस अनलिमिटेड कर आणि मोकळा हो. मी तर बॅशआरसीमध्येच (टर्मिनल उघडलं की आपोआप चालणारी फाइल) टाकून ठेवलंय.

जुनंखोड
तात्पुरतं करून बघायला ठीक, बॅशआरसीत नको. तुझ्या मशीनवर चालेल, दुसऱ्याकडे दिलं की पडेल आणि त्याला कारण सापडणार नाही. शिवाय ते फक्त मुख्य थ्रेडपुरतं. बाकीच्या थ्रेडना वेगळा स्टॅक मिळतो, आणि मजा अशी की अनलिमिटेड म्हटल्यावर नेहमीच्या ६४ बिट इंटेल-एएमडी लिनक्सवर ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) थ्रेडला २ एमबीच देते, म्हणजे ८ होते त्याचे दोन झाले. थ्रेडसाठी ओएमपी_स्टॅकसाइझ हा व्हेरिएबल असतो, आणि तिथे ६४एम असं एम लावून लिहायचं, नुसतं ६४ लिहिलं तर ते ६४ किलोबाइट धरलं जातं.

मेमरीतला_उंदीर
माझं काही अडलं नाही बुवा आजवर.

जुनंखोड
अडलं नाही की कळलं नाही?

धडपड्या
भांडू नका हो. मी यूलिमिट अनलिमिटेड केलं आणि चाललं, १०२४ ला पण, सेगफॉल्ट नाही! पण आता नवीनच भूत. पाच हजार पायऱ्यांनंतर जे सरासरी तापमान छापलं जातं ते जवळपास शून्य येतंय. आधी ३०० च्या आसपास असायचं. तात्काळ तापमान बरोबर दिसतंय, फक्त सरासरी गंडली. मी त्या सबरूटीनला हातही लावलेला नाही, आईशप्पथ.

रात्रपाळी
आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. थांब, कॉफी घेऊन बसतो, हा धागा रंगणार.

जुनंखोड
तू वॉर्निंग दोन सबरूटीनसाठी येत होती म्हणालास. एक ती जिथे सेगफॉल्ट झाला, आणि दुसरी ही सरासरीवाली. बरोबर? तिच्यात बेरीज साठवायची लोकल ॲरे आहे आणि तिला सेव्ह (म्हणजे किंमत पुढच्या कॉलपर्यंत जपून ठेव) लावलेलं नाही. बघून सांग.

धडपड्या
काका तुम्ही माझ्या मशीनमध्ये बसलाय का?? हो. बेरीज नावाची ॲरे, एन बाय एन, सेव्ह नाही, आणि सुरुवातीला शून्यही केलेली नाही कुठेच.

जुनंखोड
तर ऐक. मूळ लेखकाने मनात धरलं होतं की लोकल ॲरे एका कॉलपासून दुसऱ्या कॉलपर्यंत तशीच राहते. फोरट्रॅनचं स्टँडर्ड असं काहीच वचन देत नाही, सेव्ह लिहिलं नसेल तर सबरूटीनमधून बाहेर पडताच ती किंमत अनिश्चित झाली. पण ॲरे मोठी होती म्हणून कंपायलर तिला स्टॅटिकमध्ये टाकत होता, तिथे ती टिकायची. शिवाय ती स्टॅटिक जागा सुरुवातीला शून्य असते म्हणून शून्य न करताही भागायचं. दोन चुका आणि दोन्हीवर पांघरूण, वर्षानुवर्षं.

तू -एफओपनएमपी लावलंस, ॲरे स्टॅकवर आली. आता सरासरीवालं सबरूटीन संपलं की तीच स्टॅकची जागा पुढचं सबरूटीन स्वतःच्या ॲरेसाठी घेतं आणि तुझ्या बेरजेवर आपलं सामान पसरतं. प्रत्येक वेळी पाच हजार पायऱ्यांच्या बेरजेऐवजी एखाद-दुसऱ्या पायरीएवढाच आकडा उरतो, शेवटी त्याला पाच हजाराने भागलं की शून्याजवळच येणार.

बेरीज मॉड्यूलमध्ये ॲलोकेटेबल म्हणून ने, एकदाच ॲलोकेट कर, स्वतःच्या हाताने शून्य कर. दुसऱ्या सबरूटीनमधली ती कामाची ॲरे पण ॲलोकेटेबल कर. मग यूलिमिटचं नावच काढायला नको.

बायनरीबाई
आणि उलटा सापळाही आहे, तो इथे नाही पण लिहून ठेवते. डिक्लेरेशनमध्येच किंमत दिली, समजा "इंटिजर काउंट = ०", तर फोरट्रॅनमध्ये त्याला आपोआप सेव्ह लागतं. सी मधून आलेले लोक इथे हमखास तोंडावर पडतात, त्यांना वाटतं दर कॉलला शून्य होईल, होतं फक्त पहिल्यांदा.

अर्धविराम
अवांतर आहे पण माझाही अनुभव टाकतो, ॲरेचाच आहे. मी एकदा ॲलोकेट करताना एन गुणिले एन अशी एकच मोठी सपाट ॲरे मागितली, एन होता ५०,०००, साधा ३२ बिटचा इंटिजर. गुणाकार २५० कोटी, मावतात साधारण २१४ कोटी ७४ लाख. गुणाकार उलटून उणे झाला आणि फोरट्रॅनच्या नियमाने वरची सीमा खालच्यापेक्षा लहान असेल तर ती शून्य लांबीची ॲरे, रीतसर वैध! ॲलोकेट जमलं का ते सांगणारं स्टॅट तपासलं तर शून्य, सगळं आलबेल. आणि मग पहिल्या लिखाणाला सेगफॉल्ट. दोन दिवस मी रॅमला शिव्या देत होतो. शेवटी साइझ छापून बघितली तेव्हा ट्यूब पेटली. एन ला ६४ बिटचा इंटिजर केलं, मिटलं.

रात्रपाळी
रॅमला नेहमीच उगाच शिव्या देतो असं नाही हां. माझ्याकडे एका मशीनवर कंपायलर दर वेळी वेगळ्याच फाइलवर इंटर्नल कंपायलर एरर द्यायचा, परत मेक मारलं की ती फाइल पास आणि दुसरी नापास. जीसीसी स्वतःच कधीकधी सांगतो की बग पुन्हा घडवता येत नाही, बहुधा हार्डवेअर किंवा ओएसचा प्रॉब्लेम. मेमटेस्ट रात्रभर लावला, एक पट्टी खराब निघाली. तीच फाइल, तीच ओळ, दर वेळी असेल तर कंपायलरचा बग. जागा बदलत असेल तर आधी रॅम बघा.

धडपड्या
दोन्ही ॲरे हलवल्या. यूलिमिट परत ८१९२. चालतंय, सरासरी ३०० च्या घरात, १००० च्या जुन्या फाइलशी पण जुळतेय. आता पॅरलल करायला घेऊ का?

जुनंखोड
नको. आधी एकदा -जी, -ओ० आणि -एफचेक=बाउंड्स लावून चालव, इंडेक्स ॲरेच्या बाहेर गेला की तो ओरडेल. हळू चालेल, चालू दे. इतकं सगळं पांघरुणाखाली निघालं तर आणखी काही असणार.

धडपड्या
तुमच्या तोंडात साखर पडो की काय म्हणू कळत नाही.

फोरट्रॅन रनटाइम एरर: इंडेक्स '१०२५' ऑफ डायमेन्शन १ ऑफ ॲरे 'काम' अबव्ह अपर बाउंड ऑफ १०२४

लूप एन अधिक एक पर्यंत जातोय!! बाहेरचा लूप जे, आतला आय, आणि आतला एन+१ पर्यंत. म्हणजे हा कोड पहिल्या दिवसापासून चुकीचा आहे? मग जुनी उत्तरं सगळी चूक??

बायनरीबाई
घाबरू नकोस, बहुतेक नाही, आणि का नाही ते बघण्यासारखं आहे. फोरट्रॅन ॲरे कॉलमनुसार मांडतो, म्हणजे पहिला इंडेक्स सगळ्यात वेगाने पळतो. मग कॉलम जे मधला १०२५ वा घटक म्हणजे मेमरीत कोण? कॉलम जे+१ चा पहिला. तुझा लूप तिथे चुकीची किंमत लिहितो आणि लगेच पुढच्या फेरीत जे+१ आला की तिथे बरोबर किंमत लिहून जातो. चोरी झाली आणि पोलिस येईपर्यंत माल परत जागेवर. फक्त शेवटच्या कॉलमला एक घटक ॲरेच्या बाहेर जातो, ८ बाइट, तिथे जे कोणी शेजारी राहत असेल त्याच्या नशिबाने.

अट एवढीच की आतला लूप नुसती किंमत भरतोय, आधीच्या किमतीत मिळवत नाहीये.

धडपड्या
नुसता भरतोय. हुश्श.

मेमरीतला_उंदीर
मग राहू दे ना तसंच, उत्तर बरोबर येतंय तर

जुनंखोड
धडपड्या, याला उत्तर देण्यापेक्षा तूच एक प्रयोग कर. एक प्रत काढ, चूक तशीच ठेव, बाउंड्सचा चेक काढ आणि बाहेरच्या जे लूपवर पॅरलल डू लाव, आय प्रायव्हेट, शेड्यूल स्टॅटिक, ४ थ्रेड. मग एकाच पायरीनंतर 'काम' ची पहिली ओळ सिरियलच्या उत्तराशी ताडून बघ. मी आधीच सांगून ठेवतो, कॉलम २५७, ५१३ आणि ७६९.

धडपड्या
२५७, ५१३, ७६९. बाकी सगळं जसंच्या तसं. दहा वेळा चालवलं, दहाही वेळा हेच तीन.

कळलं पण मला. प्रत्येक थ्रेडला २५६ कॉलम, पहिला थ्रेड आपल्या शेवटच्या म्हणजे २५६ व्या कॉलमवर येतो तेव्हा दुसऱ्याने २५७ वा सुरुवातीलाच बरोबर लिहून ठेवलेला असतो, आणि हा जाता जाता त्याच्यावर घाण करून जातो. नंतर दुरुस्त करायला कोणीच येत नाही.

मेमरीतला_उंदीर
बरं बाबा, मान्य. यूलिमिट पण काढतो बॅशआरसीतून, खूश?

रात्रपाळी
हा धागा वाचनखुणांत टाकतोय. -एफचेक=बाउंड्सबद्दल एक पुरवणी, सबरूटीनला ॲरे जुन्या पद्धतीने, शेवटच्या मापाच्या जागी फुली टाकून पाठवली असेल तर त्या मापाची वरची सीमा त्याला माहीतच नसते, तिथे तो गप्प बसतो. अशा ठिकाणी -एफसॅनिटाइझ=ॲड्रेस लावून बघ, नाहीतर व्हॅलग्रिंड, दोन्ही मेमरीतल्या चुका शोधतात.

धडपड्या
लूप एन पर्यंत केला, ४ थ्रेडवर आणि एका थ्रेडवर पहिली ओळ आता सारखी येतेय. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः काकांचे.

रात्रपाळी, तुझं वाचून सहज एन+१ साठी सर्च मारला. अजून दोन सबरूटीन निघाली आणि दोन्हींत फुलीच आहे, त्यातल्या एकात नुसतं भरणं नाही तर मिळवणं आहे. व्हॅलग्रिंड लावून ठेवलाय, सकाळी सांगतो.